चमच्याच्या पाठीवरचं नाव : जुन्या अमेरिकी चांदीचे ठसे कसे वाचायचे

जुन्या अमेरिकी चमच्यांवरचा सगळ्यांत चकवणारा आकडा म्हणजे १८४७. चमचा उलटा केला की दांड्याच्या मागे बारीक अक्षरांत '१८४७ रॉजर्स ब्रदर्स' असं दिसतं आणि पावणेदोनशे वर्षांपूर्वीची चांदी हाती लागली म्हणून माणूस हरखून जातो. प्रत्यक्षात तो चमचा १९२० चा असू शकतो, १९५० चाही असू शकतो, आणि चांदी असते ती फक्त वरच्या पातळ थरापुरती. १८४७ हा ब्रँडच्या नावाचाच भाग आहे. कनेक्टिकट राज्यातल्या हार्टफर्डमध्ये रॉजर्स बंधूंनी विजेच्या साहाय्याने चांदीचा मुलामा दिलेले चमचे या नावाने विकायला काढले, ते हे साल. १८६२ मध्ये नाव मेरिडन ब्रिटानिया कंपनीकडे गेलं, १८९८ मध्ये ती कंपनी इंटरनॅशनल सिल्व्हर कंपनीत सामील झाली, पण बाजारात रॉजर्स या नावाला इतकी पत होती की विसाव्या शतकातही ते छापलं जात राहिलं. '१८८१ रॉजर्स', '१८६५ विल्यम रॉजर्स', '१८३५ आर. वॉलेस' ही त्याच कुळातली नावं. चमच्यावर साल ठळक असेल आणि शेजारी रॉजर्स असेल, तर खिशातलं पाकीट तूर्त खिशातच राहू द्यावं.

अमेरिकेत राहणारी आपली बरीच मंडळी शनिवारी सकाळी इस्टेट सेलला चक्कर टाकतात. तिथे जुन्या घरातलं सगळं सामान मांडलेलं असतं आणि एखाद्या खोक्यात चमच्यांचा ढीग असतो. त्या ढिगातून खरी चांदी ओळखणं अवघड नाही. ती कुणी घडवली आणि कधी, हे ओळखणं मात्र अवघड आहे, आणि त्याचं कारण अमेरिकेच्या इतिहासात दडलेलं आहे.

इंग्लंडमध्ये चांदीवर ठसा मारायचा अधिकार कारागिराच्या एकट्याच्या हाती नव्हता. लंडनमध्ये १३०० पासून बिबट्याच्या डोक्याचा ठसा आहे, १४७८ पासून वर्ष सांगणारं अक्षर आहे, १५४४ पासून चालणारा सिंह आहे. १७८४ ते १८९० या काळात कर भरल्याची खूण म्हणून राजाचं किंवा राणीचं डोकंही उमटवत. माल कस तपासणाऱ्या कचेरीत जायचा, कस लागायचा आणि मगच ठसे पडायचे. त्यामुळे इंग्लिश चमचा हातात आला की कुठे, कधी, किती कसाचा आणि कुणाचा या चारही प्रश्नांची उत्तरं पाठीवरच मिळतात. कोष्टक उघडून बसलं की झालं.

अमेरिकेतल्या वसाहतींमध्ये अशी कचेरीच नव्हती. बोस्टन, न्यू यॉर्क, फिलाडेल्फिया इथले कारागीर स्वतःचाच ठसा मारायचे, आणि ठशाचा अर्थ एवढाच, की हा माल माझ्या दुकानातला आहे, खोट निघाली तर मला येऊन धरा. अमेरिकी ठसा वाचायला बसताना हे सतत ध्यानात ठेवावं लागतं. तो कुणा त्रयस्थाचा दाखला नसतो, दुकानदाराचा शब्द असतो. शब्दाची उलटतपासणी करावी लागते, आणि ती करायला चमच्याचा आकार, घडण आणि झीज हे साक्षीदार लागतात. (इंग्रजांच्या काळात कलकत्त्यातही हीच गत होती. हॅमिल्टन आणि कंपनीच्या चांदीवर हत्तीची खूण दिसते, ती याच कारणाने. सरकारी कचेरी नसली की जो तो आपलं चिन्ह ठरवतो.)

अमेरिकेत याला ठळक अपवाद एकच, मेरीलँडमधलं बाल्टिमोर. तिथे १८१४ मध्ये कायद्याने कस तपासणारी कचेरी सुरू झाली आणि १८३० पर्यंत इंग्लंडसारखी वर्षअक्षरं आणि शहराचं चिन्ह माल तपासून उमटवलं जायचं. सक्ती संपल्यावर बाल्टिमोरच्या कारागिरांनी कस आकड्यांत छापायला सुरुवात केली. सॅम्युअल कर्क यांच्या चमच्यावर '११ औंस' किंवा '१०.१५' असं दिसतं. हे वजन नव्हे. बारा औंसांच्या पौंडात अकरा औंस चांदी, म्हणजे हजारात सुमारे ९१७. आणि दहा औंस पंधरा पेनीवेट (पेनीवेट म्हणजे औंसाचा विसावा भाग), म्हणजे सुमारे ८९६. चमच्याचं वजन अकरा औंस कसं असेल, असं म्हणून चक्रावणारे लोक मी पाहिले आहेत.

आता अगदी सुरुवातीच्या ठशांकडे येऊ. सतराव्या-अठराव्या शतकात ठसा म्हणजे नावाची आद्याक्षरं, एखाद्या चौकटीत, ढालीत किंवा हृदयाच्या आकारात. बोस्टनचे जॉन हल आणि रॉबर्ट सँडरसन हे पहिल्या पिढीतले. मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीने १६५२ मध्ये टांकसाळ काढली ती यांनीच चालवली. बोस्टनच्याच जॉन कोनी यांचा ठसा मला विशेष आवडतो. वर मुकुट, मध्ये 'आय सी' ही अक्षरं आणि खाली एक ससा. इंग्रजीत कोनी म्हणजे ससा, म्हणून. आता नाव जॉन असताना 'जे' ऐवजी 'आय' का? त्या काळी ठशांत 'जे'च्या जागी 'आय' कोरायची पद्धत होती. नवखा माणूस इथे हमखास अडकतो. 'आय'ने सुरू होणारं नाव शोधत बसतो आणि यादीत काही सापडत नाही. जुन्या ठशात पहिलं अक्षर 'आय' दिसलं की आधी जॉन, जेम्स, जोसेफ, जेकब या नावांकडे वळावं.

अठराव्या शतकात हळूहळू आद्याक्षरांच्या जोडीला पूर्ण आडनावाचे ठसे आले. त्यात जगप्रसिद्ध अर्थातच पॉल रिव्हीअर. वडील अपोलोस रिव्हॉयर फ्रान्समधून आलेले ह्युगेनॉट, म्हणजे फ्रेंच प्रोटेस्टंट, जॉन कोनी यांच्याकडे उमेदवारी केलेले. त्यांनी नाव बदलून पॉल रिव्हीअर केलं, आणि मुलाचंही तेच ठेवलं. त्यामुळे दोन पॉल रिव्हीअर आणि दोघेही चांदीकाम करणारे. मुलाचा नेहमीचा ठसा म्हणजे लांबट चौकटीत आडनाव आणि त्याच्या आधी एक ठिपका. लहान वस्तूंवर, म्हणजे चमच्यांवर, नुसती 'पी आर' अक्षरंही सापडतात. स्वातंत्र्ययुद्धाचा नायक असल्यामुळे या माणसाच्या ठशाला भाव आहे, आणि भाव आहे म्हणून खोटे ठसेही आहेत. शिवाय विसाव्या शतकातल्या कंपन्यांनी त्याच्या नावाने वाडगे आणि चमच्यांचे नमुने काढले. ओनायडा कंपनीचा १९२७ चा 'पॉल रिव्हीअर' हा नमुना तर साध्या मुलाम्याचा आहे. चमच्यावर पूर्ण नाव सुटसुटीत छापलेलं दिसलं, तर तो रिव्हीअरच्या हातचा नसण्याचीच शक्यता जास्त.

ठसा दुकानाच्या मालकाचा असतो, हे इथेच सांगून टाकतो. चमचा ठोकणारा हात कधी उमेदवाराचा असायचा, कधी पगारी कारागिराचा, आणि दक्षिणेत अनेकदा गुलामाचा. चार्ल्सटनचे अलेक्झांडर पेट्री यांच्या दुकानात अब्राहम नावाचा गुलाम कारागीर होता, याची नोंद पेट्री वारल्यावर झालेल्या त्यांच्या मालमत्तेच्या विक्रीत सापडते. चांदीवर मात्र पेट्रीचंच नाव. त्या काळात स्वतःच्या नावाचा ठसा मारू शकलेला आफ्रिकी वंशाचा एकच कारागीर आजवर खात्रीने ओळखता आला आहे, पीटर बेंटझन. तो फिलाडेल्फियात आणि कॅरिबियनमधल्या सेंट क्रॉय बेटावर काम करत असे. त्याच्या ठशाच्या वस्तू मोजक्याच आहेत आणि त्या बहुतेक संग्रहालयांत आहेत.

एकोणिसाव्या शतकात आलो की चमच्यावर नावाबरोबर 'कॉइन', 'प्युअर कॉइन', 'स्टँडर्ड', 'डॉलर', किंवा नुसतं 'सी' अथवा 'डी' दिसू लागतं. 'कॉइन' म्हणजे नाण्याच्या कसाची चांदी. पूर्वी अमेरिकेत चांदीच्या खाणी नव्हत्यात जमा. लोक स्पॅनिश डॉलर आणि इतर नाणी सोनाराकडे नेऊन देत आणि चमचे, मग, वाडगे घडवून आणत. चोरी झाली तर नाणं ओळखू येत नाही, स्वतःचं अक्षर कोरलेला चमचा ओळखू येतो, हाही एक हिशेब होता. अमेरिकेच्या नाण्यांचा कस १७९२ च्या कायद्याने हजारात सुमारे ८९२ होता, १८३७ मध्ये तो बरोबर ९०० झाला. मात्र 'कॉइन' हा शब्द साधारण १८२० नंतर रुळला. त्याआधीच्या चमच्यावर तो नसतो, तरीही चमचा चांदीचाच असतो. नुसतं आडनाव असलेला, कसाचा कुठलाच शब्द नसलेला पातळ चमचा पाहून लोक तो मुलाम्याचा समजतात आणि डॉलर-दोन डॉलरला देऊन टाकतात. घेणाऱ्याचं नशीब.

याच काळात आणखी एक भानगड सुरू झाली. न्यू यॉर्क आणि आसपासच्या काही कारागिरांनी नावाशेजारी सिंह, राजाचं डोकं, एखादं अक्षर, गरुड, तारा अशी चिन्हं मारायला सुरुवात केली. इंग्लिश चांदीला मान होता; गिऱ्हाइकाला तशी तीन-चार चिन्हं पाहून बरं वाटायचं. या चिन्हांना अर्थ असेलच असं नाही. राजाचं डोकं दिसलं म्हणून कर भरलेला नाही, अक्षर दिसलं म्हणून वर्ष ठरत नाही. संग्राहक यांना नकली हॉलमार्क म्हणतात, तरी त्यांचा उपयोग आहेच. एखाद्या कारागिराने कायम एकच जोडी वापरली असेल तर ती त्याची सही ठरते. न्यू यॉर्कचे अल्बर्ट कोल्स यांचं उदाहरण घ्या. गरुड, 'ए सी' आणि एक डोकं अशी तीन छोट्या चौकटींतली चिन्हं दिसली की कोल्स. चौथ्या ठिकाणी दुसऱ्याच कुणाचं तरी नाव असलं तरीही.

ते दुसरं नाव बहुतेकदा विकणाऱ्या दुकानाचं असतं. १८२६ मध्ये न्यू यॉर्कच्या विल्यम गेल यांनी चमच्यावर नक्षी उमटवणाऱ्या रुळांच्या साच्याचं पेटंट घेतलं. दोन रुळांमधून पट्टी गेली की नक्षी तयार. एक चमचा तासन्‌तास ठोकत बसायची गरज उरली नाही. मोठ्या शहरातला कारखानदार शेकड्यांनी चमचे करून गावोगावच्या घड्याळजींना आणि सराफांना पाठवू लागला आणि ते आपल्या नावाचा ठसा मारून विकू लागले. म्हणून १८४० च्या पुढच्या एखाद्या चमच्यावर ओहायोतल्या छोट्या गावाचं नाव असलं, तर चमचा त्या गावात घडला असं समजू नये. तिथे तो विकला गेला, एवढंच नक्की. गावाच्या इतिहासाची आवड असलेल्याला हेही पुरतं. त्या गावात त्या नावाचं दुकान कोणत्या वर्षांत होतं हे जुन्या शहर-निर्देशिकांवरून कळतं आणि चमच्याचा काळ आपोआप आवळला जातो.

भागीदारीची नावं तर कालगणनेसाठी फारच सोयीची. भागीदार आला-गेला की पाटी बदलायची आणि ठसाही. न्यू यॉर्कचं 'बॉल, टॉम्पकिन्स अँड ब्लॅक' १८३९ ते १८५१. त्यानंतर 'बॉल, ब्लॅक अँड कंपनी' १८७४ पर्यंत. 'टिफनी अँड यंग' १८३७ पासून, 'टिफनी, यंग अँड एलिस' १८४१ पासून आणि 'टिफनी अँड कंपनी' १८५३ पासून. चमच्यावर सालच नाही अशी तक्रार करणाऱ्याने आधी नावातला स्वल्पविराम बघावा.

टिफनीचा विषय निघालाच आहे तर 'स्टर्लिंग'कडे वळू. स्टर्लिंग म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी. आपल्याकडे दागिन्यांच्या दुकानात 'साडेब्याण्णव' म्हणून जी विकतात तीच. टिफनीने हा इंग्लिश कस १८५१ मध्ये स्वीकारला. ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्सच्या गॉरहॅम कंपनीने १८६८ मध्ये. त्याच सुमारास नेव्हाडातल्या कॉमस्टॉकच्या खाणींमधून चांदीचा पूर आला आणि नाणी वितळवायचे दिवस संपले. 'कॉइन' मागे पडलं, 'स्टर्लिंग' पुढे आलं. ठोकळ नियम असा, की अमेरिकी चमच्यावर 'स्टर्लिंग' शब्द असेल तर तो बहुधा १८६० नंतरचा. पण हा शब्दही त्या काळी कंपनीच्या इमानावरच होता. राष्ट्रीय पातळीवर कायदा आला तो थेट १९०६ मध्ये. त्यात स्टर्लिंग म्हटलं तर ९२५ आणि कॉइन म्हटलं तर ९०० हे ठरलं, हजारात चारची सूट ठेवून. कसाबरोबर जबाबदार कंपनीचं चिन्हही हवं, अशी दुरुस्ती १९६१ मध्ये झाली. म्हणून नुसता 'स्टर्लिंग' असा शब्द आणि बाकी काहीच नाही, असे चमचे पुष्कळ सापडतात.

कारखान्यांच्या काळात नावाऐवजी चिन्हं आली आणि ती ओळखायला शिकणं यातच खरी मजा आहे. सगळ्यांत जास्त भेटतं ते गॉरहॅमचं त्रिकूट : सिंह, जहाजाचा नांगर आणि जुन्या वळणाचं 'जी'. हे पाहून भले भले लोक चमचा इंग्लिश समजतात, कारण बर्मिंगहॅमच्या कचेरीचं चिन्हही नांगरच आहे. ओळखायची खूण म्हणजे इंग्लिश सिंह आपल्या डावीकडे चालतो, गॉरहॅमचा सिंह उजवीकडे तोंड करून असतो. नांगर ऱ्होड आयलंड राज्याच्या मुद्रेतला आहे. १८६८ पासून गॉरहॅमने वर्षअक्षरंही सुरू केली, १८८४ पर्यंत 'ए' ते 'क्यू', आणि १८८५ पासून छोटी चित्रं. पण ही वर्षचिन्हं मुख्यतः किटल्या, तबकं, वाडगे अशा मोठ्या वस्तूंवर. चमच्या-काट्यांवर ती सहसा सापडत नाहीत. शोधत बसून डोळे दुखवू नका.

बाकीची थोडक्यात. मॅसॅच्युसेट्सच्या रीड अँड बार्टनचं त्रिकूट गरुड, ढालीत 'आर' आणि सिंह असं आहे; गॉरहॅमशी घोळ होतो तो इथे. टाउलचं चिन्ह मोठ्या 'टी'च्या आत सिंह. व्हायटिंगचा पंख असलेला सिंहासारखा प्राणी 'डब्ल्यू' धरून बसलेला. वॉलेसचं शिंगं असलेल्या हरणाचं डोकं. शीब्लरचं पंख फुटलेलं 'एस'. न्यूअर्कच्या उंगर ब्रदर्सची 'यू' आणि 'बी' एकमेकांत गुंतलेली अक्षरं. टिफनीचे चमचे चिन्हाच्या भानगडीत पडत नाहीत, नाव सरळ लिहितात. पण त्यावर एखादं एकटं अक्षर असतं ते सोडू नका. 'एम' म्हणजे टिफनीच्या चांदीकामाचे प्रमुख एडवर्ड मूर यांच्या कारकिर्दीतला, १८७३ ते १८९१. 'टी' १९०२ पर्यंत. 'सी' १९०७ पर्यंत. पण पुढेही आधीपासून चालत आलेल्या साच्यांवरून निघालेल्या चमच्यांवर 'एम' दिसतच राहतं, म्हणून अक्षराला शेवटचा शब्द मानू नये.

साचा आणि पेटंट यांचाही असाच गोंधळ. 'पॅट. १८९५' असं लिहिलं असेल तर नमुन्याचं पेटंट त्या वर्षी घेतलं. चमचा त्याआधीचा नाही, एवढंच त्यातून सिद्ध होतं. गॉरहॅमचा 'शँटिली' हा नमुना विल्यम कॉडमन यांनी १८९५ मध्ये आखला आणि तो इतका खपला की पिढ्यान्‌पिढ्या निघत राहिला. जुन्यावर सिंह-नांगर-जी, बऱ्याच नंतरच्यावर 'गॉरहॅम स्टर्लिंग' असे सरळ शब्द. नक्षी तीच, फरक पाठीवर.

आता पुन्हा मुलाम्याकडे, कारण खोक्यातले दहापैकी बरेच चमचे तेच असतात. 'ए १', 'डबल ए', 'ट्रिपल', 'क्वाड्रुपल प्लेट', 'ई पी एन एस', रोमन बारा असं काहीही लिहिलेलं असलं, की वर चांदीचं पाणी, आत दुसराच धातू. 'ए १' वाचून पहिल्या प्रतीची चांदी असा अर्थ काढणं स्वाभाविक आहे, पण ती थराच्या जाडीची प्रतवारी आहे. 'जर्मन सिल्व्हर', 'निकेल सिल्व्हर', 'अलास्का सिल्व्हर', 'ब्राझील सिल्व्हर' यांत तर चांदीचा कणही नाही. आपल्याकडे पूजेच्या भांड्यांच्या दुकानात जे जर्मन सिल्व्हर मिळतं तो हाच तांबं, जस्त आणि निकेलचा मिश्रधातू. लोहचुंबक लावून काही कळत नाही, कारण चांदीही चिकटत नाही आणि हा धातूही बहुधा चिकटत नाही. चमचा टेबलावर ठेवल्यावर त्याच्या वाटीचा तळ जिथे टेकतो ती जागा भिंगाखाली बघा. मुलामा असेल तर तिथेच आधी झिजतो आणि आतून पिवळट किंवा राखाडी रंग डोकावतो.

इतकं झाल्यावर चमच्याच्या आकाराला बोलतं करायचं. अमेरिकी चमच्याचं वय ठशापेक्षा आकारावरून जास्त भरवशाने कळतं, असं माझं ठाम मत आहे. १७०० च्या आसपासच्या चमच्यात दांडा वाटीला मिळतो तिथे मागे उंदराच्या शेपटासारखी निमुळती रेघ वाटीच्या पाठीवर उतरते. पुढे ती जाऊन एक किंवा दोन थेंबांसारखा उंचवटा आला, कधी शिंपला. १७६० पर्यंत दांड्याचं टोक वरच्या बाजूला वळलेलं असे, त्यानंतर ते खाली वळलं. याचा परिणाम अक्षरांवरही झाला. टोक वर वळलेलं असताना चमचे पालथे मांडत, म्हणून मालकाची आद्याक्षरं पाठीवर कोरलेली. टोक खाली वळल्यावर चमचे उताणे मांडू लागले आणि अक्षरं समोर आली. १७८० नंतर दांड्यावर चमकत्या बारीक कापांची नक्षी येते. १७९० ते १८१० या दरम्यान कोपरे कापलेलं, शवपेटीसारखं टोक. १८१० नंतर व्हायोलिनच्या आकाराचा दांडा, आणि १८२०-३० च्या दशकांत त्यावर फुलांची परडी किंवा गव्हाची पेंढी. ठशाची जागाही सरकते. सुरुवातीला तो दांड्यावर वाटीजवळ असे, त्यामुळे घासून घासून पुसट झालेला. नंतर तो वर, दांड्याच्या रुंद भागाकडे गेला.

मग अशी जुळवाजुळव करायची. ठसा १७५० च्या कारागिराचा आणि दांड्यावर फुलांची परडी, हे जमत नाही. एकतर ते त्याच आद्याक्षरांचं दुसरं कुणीतरी आहे, नाहीतर ठसा नंतर मारलेला आहे.

आद्याक्षरं कोरलेली आणि ठशातली अक्षरं यांचीही गल्लत होते. कोरलेली ती मालकाची. आपल्याकडे लग्नात दिलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यांवर नाव घालून घ्यायची पद्धत होती, तसंच हे. अमेरिकेत तीन अक्षरांचा त्रिकोण असतो, वर आडनावाचं, खाली एका बाजूला नवऱ्याच्या आणि दुसऱ्या बाजूला बायकोच्या नावाचं. ठशाची अक्षरं उठावात असतात आणि चौकटीत बसलेली असतात. कोरलेली अक्षरं सुरीने कापल्यासारखी आत गेलेली. जागा विचित्र पातळ आणि खोलगट लागली तर कुणीतरी जुनी अक्षरं घासून काढली आहेत, आणि त्यामुळे किंमत कमी होते.

खोट्या ठशांसाठी दोन-तीन गोष्टी तपासतात. हाताने मारलेला ठसा प्रत्येक चमच्यावर थोडा वेगळा बसतो, कधी तिरका, कधी एका कडेला खोल. सहा चमच्यांच्या जोडात ठसा सहाही वेळा अगदी त्याच जागी, त्याच तिरकेपणाने असेल, कडा मऊ असतील आणि आजूबाजूला सुईच्या टोकाएवढे खड्डे असतील, तर मूळ चमच्याचा साचा काढून ते ओतलेले असण्याची शक्यता मोठी. दुसरं, झीज. उजव्या हाताने जेवणाऱ्याच्या चमच्याच्या वाटीचं टोक बहुतेकदा डाव्या कडेने झिजतं. वाटी अशी तिरपी झिजलेली, दांडा गुळगुळीत, आणि ठसा मात्र काल मारल्यासारखा करकरीत? मग तो खरंच अलीकडचा असेल. कुठल्या तरी मोडक्या लहान चमच्यातून खरा ठसा कापून मोठ्या वस्तूत डाक लावून बसवण्याचेही प्रकार झाले आहेत. ठशावर हलकेच तोंडाची वाफ सोडली की क्षणभर सांध्याची रेघ दिसून जाते.

एक उपप्रकार सांगायचा राहिला, कारण तो स्वस्तात मिळतो आणि नवख्याला शिकायला उत्तम आहे : स्मरणिका चमचे. मॅसॅच्युसेट्सच्या सेलम गावचे सराफ डॅनियल लो यांनी १८९०-९१ च्या सुमारास झाडूवाल्या चेटकिणीचा चमचा काढला. १६९२ च्या चेटूक-खटल्यांमुळे बदनाम झालेल्या गावाने तीच बदनामी विकायला काढली म्हणा ना. देशभर अशा चमच्यांचं वेड पसरलं आणि १८९३ च्या शिकागो प्रदर्शनाने त्यात भर घातली. लो यांच्या चमच्यावर 'डी. लो' असा ठसा असतो, पण तो घडवला न्यू हॅम्पशायरमधल्या डर्गिन कंपनीने. विकणारा एक, घडवणारा दुसरा, हे इथे एकाच चमच्यात शिकता येतं.

ठसा बघताना चमचा आधी घासून चकचकीत करू नका. अक्षरांच्या खाचांत बसलेल्या काळसरपणामुळेच ती वाचता येतात. दहापट मोठं दाखवणारं सोनाराचं भिंग घ्या, उजेड समोरून न पाडता बाजूने, तिरपा पाडा, आणि फोनने फोटो काढून तो मोठा करून बघा. फोटोत ठशाची चौकटही यायला हवी. एकाच आद्याक्षरांचे अनेक कारागीर होऊन गेले, त्यामुळे नुसती अक्षरं यादीत शोधली तर चार नावं निघतात. चौकट कापलेल्या कोपऱ्यांची आहे की लंबगोल, अक्षरांमध्ये ठिपका आहे की नाही, 'आर'चा पाय सरळ की वळलेला, यावरून चारपैकी एक उरतं. येल विद्यापीठाच्या कलादालनात १९३० पासून असलेला गार्व्हन संग्रह, बोस्टनचं ललितकला संग्रहालय, डेलावेअरमधलं विंटरथर ही अमेरिकी चांदीची मोठी भांडारं, आणि त्यांच्या संग्रहातल्या अनेक वस्तूंची छायाचित्रं इंटरनेटवर फुकट पाहता येतात. आपल्या चमच्याचा फोटो शेजारी ठेवून चौकटीच्या कडा जुळवून बघायच्या. जुळल्या नाहीत, तर विकणाऱ्याने चिठ्ठीवर कितीही मोठं नाव लिहिलेलं असलं तरी 'कारागीर अज्ञात' एवढीच नोंद करून चमच्याची किंमत चांदीच्या वजनावर धरायची.